डिसॅबिलिटी पेन्शन: अर्ज कागदावरच अडू नये म्हणून

कागदांची पिशवी घेऊन कुणी माजी सैनिक आला की मी त्याला आधी आजाराबद्दल विचारत नाही. विचारतो, "रेकॉर्ड ऑफिसचं पत्र ज्या पाकिटातून आलं, ते पाकीट ठेवलंय का?" रेकॉर्ड ऑफिस म्हणजे सैनिकाच्या सेवेचे कागद सांभाळणारं कार्यालय. तो गोंधळतो. पाकीट बहुतेक वेळा फेकून दिलेलं असतं. मग पत्रावरची तारीख एक आणि पत्र खरोखर हातात पडलं ती दुसरी, हे सिद्ध करायला आमच्याकडे काहीच उरत नाही. अपिलाची सहा महिन्यांची मुदत मोजायला बसलं की नेमके तेच वीस-पंचवीस दिवस आडवे येतात.

डिसॅबिलिटी पेन्शनच्या, म्हणजे सैनिकी सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी मिळणाऱ्या पेन्शनच्या, प्रकरणात माणूस दोन प्रकारे हरतो. पहिल्या प्रकारात सशस्त्र सेना न्यायाधिकरण सगळं वाचतं आणि म्हणतं, तुमचा आजार नोकरीमुळे झालेला नाही. ते पटो न पटो, निदान ऐकून तरी घेतलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात आजारापर्यंत कुणी पोचतच नाही. अर्ज उशिरा आला, आधीचं अपील केलं नव्हतं, तारखेला कुणी हजर नव्हतं, त्रुटी दूर केल्या नाहीत, एवढ्यावर फाइल बंद होते. हा लेख या दुसऱ्या हरण्याबद्दल आहे. ते बऱ्याच अंशी टाळता येतं, आणि झालंच तरी बहुतेक वेळा दुरुस्त करता येतं.

आधी एक खुलासा. इथे सांगितलेला रस्ता लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या लोकांचा आहे. त्यांच्या सेवाविषयक तक्रारी सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जातात. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण आलं, २००९ मध्ये कामाला लागलं. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबई खंडपीठ आहे. बीएसएफ, सीआरपीएफ, तटरक्षक दल यांना हे दार नाही, त्यांनी उच्च न्यायालयात जायचं. चुकीच्या दारात गेलेला अर्ज ‘अधिकारक्षेत्र नाही’ म्हणून परत येतो आणि तोवर वर्ष गेलेलं असतं.

बोर्डाचे कागद मिळवणं

पेन्शन नाकारल्याच्या पत्रात सहसा दोन-तीन ओळीच असतात. आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. फौजेत याला ‘नाना’ (NANA, इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं) म्हणतात. किंवा अपंगत्व वीस टक्क्यांपेक्षा कमी आहे. एवढ्यावर अपील लिहिणं म्हणजे अंधारात काठी मारणं. हवे असतात ते निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचे पूर्ण कागद, ज्याला सगळे आर.एम.बी. (रिलीज मेडिकल बोर्ड) म्हणतात. सेवेतून आजारामुळेच बाहेर काढलं असेल तर इनव्हॅलिडिंग बोर्डाचे.

हे कागद रेकॉर्ड ऑफिसकडे असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नौसैनिकांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. साध्या अर्जावर मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करायचा. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. स्वतःचेच वैद्यकीय कागद मागताना ‘खाजगी माहिती’ हे कारण देऊन नकार आला तर तिथेच माहिती अधिकारातलं पहिलं अपील करा, गप्प बसू नका.

कागद आले की तीन गोष्टी पेन्सिलने अधोरेखित करा: भरतीच्या वेळी तुम्ही पूर्ण फिट होतात ही नोंद, आजार पहिल्यांदा कुठे आणि कोणत्या पोस्टिंगवर दिसला ते, आणि बोर्डाने ‘सेवेशी संबंध नाही’ म्हणताना काही कारण दिलंय की नुसती खूण केली आहे. तिसऱ्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल, २०१३, अजूनही सगळ्यात मोठा आधार आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं, पुढे तब्येत बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर, असं त्यात म्हटलं आहे. हा मुद्दा मूळ दावा खरा की नाही याचा असला तरी पुढे उशीर माफ करून घेताना कामी येतो, म्हणून आत्ताच सांगितला.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले आहेत. तुमचा डिस्चार्ज, म्हणजे सेवेतून सुटका, त्याआधीचा की नंतरचा, हे पाहूनच नियमाचा उल्लेख करा. कुणाच्या तरी जुन्या अर्जाची नक्कल मारली की चुकीचे नियम आत येतात.

पहिलं अपील, दुसरं अपील

न्यायाधिकरणाच्या कायद्याचं कलम २१ सांगतं की आधी खात्यातले उपाय संपवा, मग या. तिथे ‘सर्वसाधारणपणे’ अशा अर्थाचा शब्द आहे, म्हणजे थोडी जागा ठेवली आहे. पण त्या जागेच्या भरवशावर राहू नये. ‘उपाय संपवले नाहीत’ म्हणून परत पाठवलेले अर्ज मी पाहिलेत, आणि सहा महिने वाचवायला गेलेल्या माणसाची दोन वर्षं गेलेली पाहिलीत.

नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील करायचं. तेही फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. दोन्ही स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावती, ट्रॅकिंगचा छापील कागद आणि अपिलाची पूर्ण प्रत, तिन्ही एकाच पिनेत अडकवा. नुसतं ‘आम्ही अपील दिलं होतं’ हे वाक्य न्यायाधिकरणात चालत नाही. रेकॉर्ड ऑफिसने ‘मिळालं नाही’ म्हटलं की तुमचं अपील झालेलंच नाही असं धरलं जातं.

इथे एक फसवी सवय आहे. बरेच जण अपील करण्याऐवजी विनंती अर्ज करत राहतात. एक रेकॉर्ड ऑफिसला, एक संरक्षणमंत्र्यांना, एक ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, एक आमदारांच्या लेटरहेडवर. प्रत्येकाला उत्तर येतं की ‘तुमचा दावा पूर्वीच नाकारला आहे’. माणसाला वाटतं, ताजं उत्तर आलं म्हणजे मुदत नव्याने सुरू झाली. ती होत नाही. विनंत्यांनी आणि त्यांच्या उत्तरांनी मेलेली मुदत जिवंत होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सी. जेकब निकालात २००८ मध्ये स्पष्ट केलं आहे. जे काय लिहायचं ते ‘पहिलं अपील’ असा मथळा देऊन योग्य पत्त्यावर लिहा. बाकी पत्रं हवी तर त्यानंतर.

मुदत कशी मोजायची

कलम २२ चा हिशेब दिसतो तितका अवघड नाही. अपिलावर अंतिम आदेश आला, तर त्या आदेशापासून सहा महिने. आदेशच आला नाही, तर अपील दिल्यापासून सहा महिने वाट पाहायची आणि त्यापुढचे सहा महिने अर्ज करायला.

समजा, १० जानेवारी २०२४ ला अपील दिलं. १० जुलैपर्यंत काही उत्तर नाही. मग न्यायाधिकरणात अर्ज करायला १० जानेवारी २०२५ पर्यंत वेळ. मार्च २०२४ मध्येच ‘उत्तर येत नाही’ म्हणून धावलात तर अर्ज वेळेआधीचा. मार्च २०२५ मध्ये गेलात तर दोन महिने उशिराचा. दुसरी चूक जास्त दिसते, पण पहिलीवरूनही अर्ज बाद होतात.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर दोन खुणा करून ठेवा, एक वाट पाहण्याच्या शेवटाची, एक अर्जाच्या शेवटाची. मोबाइलवरची आठवण मोबाइल बदलला की जाते.

उशीर झालाच असेल तर

खरं सांगायचं तर माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फार थोडे वेळेत असतात. कुणी सुटून दहा वर्षं झालेली, कुणी वीस. पारावर कुणाकडून तरी ऐकतात की अमक्याला पेन्शन मिळाली, आणि मग ट्रंक उघडतात. अशा माणसाला ‘आता काही होणार नाही’ असं सांगणारेही भेटतात. ते चूक आहे.

तरसेम सिंग यांना १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून सेवेतून बाहेर काढलं. ते न्यायालयात गेले १९९९ मध्ये. सोळा वर्षांनी. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये जो निकाल दिला तो आज प्रत्येक उशिराच्या अर्जात असतो. पेन्शन दर महिन्याला मिळायची असते, म्हणून ती न देणं ही दर महिन्याला नव्याने होणारी चूक आहे. त्यामुळे उशीर झाला म्हणून दावा मरत नाही. मात्र थकबाकी अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच. त्यामागचे पैसे गेले.

या ‘गेले’ची किंमत आकड्यात बघा. शेवटचा पगार ३६,००० रुपये धरा. शंभर टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, पगाराच्या तीस टक्के, म्हणजे १०,८००. वीस टक्के अपंगत्वाला २,१६०. पण वीस टक्क्यांना पन्नास धरण्याची सवलत, ज्याला ब्रॉड बँडिंग म्हणतात, ती लागू झाली की ५,४००. नियमित निवृत्त झालेल्यांनाही ही सवलत आहे हे राम अवतार निकालाने डिसेंबर २०१४ मध्ये पक्कं केलं. आता हा माणूस दहा वर्षं उशिरा आला तर सात वर्षांची रक्कम सुटते. ८४ महिने गुणिले ५,४००, म्हणजे ४,५३,६०० रुपये, तेही महागाई सवलत न धरता. आणि आजपासून आणखी एक महिना घरी बसलात तर आणखी एका महिन्याचे पैसे मागच्या टोकाने गळतात. म्हणून कागद पूर्ण व्हायची वाट पाहत वर्षभर बसू नका. मुख्य कागद आले की दाखल करा, बाकीचे नंतर जोडता येतात.

तरसेम सिंग निकाल आहे म्हणून उशिराच्या माफीचा अर्ज न करता थेट मूळ अर्ज दाखल करणारे आहेत. तसं करू नका. मूळ अर्जाला ओ.ए. म्हणतात, त्यासोबतच्या किरकोळ अर्जाला एम.ए. उशीर असेल तर विलंब माफीचा एम.ए. हवाच. नाहीतर नोंदणी विभागातच त्रुटी निघते, किंवा समोरचा सरकारी वकील पहिल्या तारखेला तोच मुद्दा उचलतो.

त्या एम.ए. मध्ये काय लिहायचं? ‘गरीब आहे, अशिक्षित आहे, कायद्याचं ज्ञान नाही’ ही तीन वाक्यं प्रत्येक अर्जात असतात, आणि त्यामुळेच त्यांना वजन उरलेलं नाही. त्याऐवजी तारखांचा क्रम द्या. अमुक तारखेला डिस्चार्ज, अमुक तारखेला नकाराचं पत्र मिळालं, अपील कधी केलं आणि उत्तर आलं का. मग ज्या काळात काही केलं नाही त्याचं खरं कारण, कागदासह. मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड. मानसिक आजार असेल तर उपचाराचे कागद. अशा प्रकरणात माणूस दहा वर्षं पत्र उघडत नाही हेच आजाराचं लक्षण असतं, आणि ते तसं लिहायला लाजू नये. आर.एम.बी.ची प्रत मागितली आणि दोन वर्षं मिळाली नाही, तर तो माहिती अधिकाराचा अर्जच उशिराचं सर्वांत चांगलं कारण. शेवटी दोन ओळीत प्रकरणाचा जोर मांडायचा: भरतीच्या वेळी फिट, आजार सेवेत दिसला, बोर्डाने कारण दिलं नाही. आणि थकबाकी तीन वर्षांपुरतीच मागतो असं स्वतःहून लिहायचं. जे मिळणार नाही ते मागत बसल्याने वादाला जागा मिळते.

खोटं कारण कधीच लिहू नका. प्रतिज्ञापत्रावर सही तुमची असते.

दाखल करताना

निवृत्त माणूस स्वतः जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो. रेकॉर्ड ऑफिस सिकंदराबादला असलं तरी साताऱ्याच्या माणसाने मुंबईत जायचं. त्यासाठी राहण्याचा पुरावा हवा, आणि पी.पी.ओ. (पेन्शन पेमेंट ऑर्डर) वरचा पत्ता वेगळा असेल तर तो का, हे एका ओळीत लिहावं. कामानिमित्त मुलाकडे हैदराबादला राहायला गेलेल्यांची इथे गल्लत होते.

प्रतिवादी कोण, हे जुन्या अर्जातून उतरवू नका. साधारणपणे संरक्षण मंत्रालयाच्या सचिवांमार्फत भारत सरकार, त्या दलाचे प्रमुख, तुमचं रेकॉर्ड ऑफिस आणि लष्करासाठी प्रयागराजचं पेन्शन कार्यालय. मराठी कागद, मग तो ग्रामपंचायतीचा दाखला असो की गावच्या डॉक्टरची चिठ्ठी, इंग्रजी भाषांतरासह जोडा. अस्पष्ट झेरॉक्स असेल तर शेजारी टाइप केलेली प्रत. एका अर्जात एकच विषय. डिसॅबिलिटी पेन्शनसोबत पगारनिश्चितीची तक्रार आणि राहून गेलेली बढती असं सगळं एका गाठोड्यात बांधलं की आक्षेप येतो.

दाखल केल्यावर काम संपलं असं वाटतं, आणि नेमकं तिथेच बरेच अर्ज मरतात. नोंदणी विभाग त्रुटींची यादी काढतो, ती ठरावीक मुदतीत दुरुस्त करावी लागते. वकिलाचा कारकून सांगतो, "नंबर पडेल, फोन करतो." फोन येत नाही. डायरी नंबर, म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक, लगेच मागून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी स्वतः न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर बघा. वकिलावर विश्वास नाही असं नाही, पण पेन्शन वकिलाची नाही.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. सैनिकांच्या कुटुंबांसाठी नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजनाही सुरू केली आहे, त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते.

अर्ज फेटाळला गेला. आता?

आदेशाची प्रत घ्या आणि थेट शेवटचा परिच्छेद वाचा. तिथले इंग्रजी शब्द सारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ फार वेगळे.

गैरहजेरीमुळे काढून टाकला असेल तर सगळ्यात सोपं, पण घाई हवी. काढून टाकल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत अर्ज पुन्हा पटलावर घेण्याची विनंती करायची, हजर न राहण्याचं कारण पुराव्यासह. प्रत कधी मिळाली हे इथे कामाचं नाही. तीस दिवस आदेशापासूनच चालतात.

अर्ज मागे घेतला असेल तर ‘पुन्हा येण्याची मुभा’ दिली आहे का ते पाहा. मुभा दिलेली असेल तर कमतरता भरून परत जाता येतं. मुभा नसेल तर तोच दावा पुन्हा मांडणं जवळपास अशक्य. म्हणून सुनावणीत वकील म्हणाला, "मागे घेऊया," तर "मुभा घेऊन" हे दोन शब्द तुम्ही स्वतः म्हणा.

खात्यातले उपाय संपवले नाहीत म्हणून परत पाठवलं असेल तर तो पराभव मानू नका. बऱ्याचदा आदेशातच लिहिलेलं असतं की अमुक दिवसांत अपील करा आणि खात्याने कारणांसह निर्णय द्यावा. ते अपील त्या दिवसांच्या आत करा, सोबत आदेशाची प्रत जोडा. त्यानंतर कारणं न देता पुन्हा नकार आला तर ती तुमच्या पुढच्या अर्जाची पहिली ओळ.

उशिरावर फेटाळला असेल तर आदेशात तरसेम सिंगचा विचार झालाय का ते बघा. झाला नसेल, किंवा कागदावर असलेली पोचपावती नजरेतून सुटली असेल, तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. फेरविचार म्हणजे तोच वाद पुन्हा नव्हे. जे समोर असून दिसलं नाही तेवढंच दाखवायचं.

त्यापुढे दोन वाटा. सर्वोच्च न्यायालयात अपील करायचं तर सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा लागतो, आणि परवानगीसाठी न्यायाधिकरणाकडे तीस दिवसांत अर्ज. एका माणसाची मुदत चुकली हा मुद्दा तिथे सहसा बसत नाही. दुसरी वाट उच्च न्यायालयात रिट याचिका. २०१५ च्या एका निकालामुळे ती जवळपास बंद झाली होती. २१ मार्च २०२३ ला परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मोकळी केली. तांत्रिक कारणावर फेटाळलेल्या साध्या सैनिकाच्या प्रकरणाला मला तरी हीच वाट जास्त योग्य वाटते. रिटला ठरावीक मुदत नसली तरी रिकामा वेळ दवडला तर तिथेही तोच प्रश्न विचारतात, इतके दिवस काय करत होता?

एक शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. प्रकरण चालू असताना अर्जदार गेला तर दावा त्याच्याबरोबर जात नाही. पत्नीने मृत्यूचा दाखला आणि स्वतःचं नाव असलेला पी.पी.ओ. घेऊन वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज लगेच करायचा. मात्र प्रकरण चालू आहे हे तिला माहीत असायला हवं. अर्जाचा नंबर, वकिलाचा फोन आणि पुढची तारीख एका कागदावर लिहून त्या जुन्या पाकिटासोबत घरात सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा.